इनडोअर तिरंदाजी स्पर्धा: हातातले गुण घालवणाऱ्या या चुका टाळा

वारा नाही, ऊन नाही, अंतर ठरलेलं. त्यामुळे पहिल्यांदा इनडोअर स्पर्धेत उतरणाऱ्याला वाटतं, सरावात येतात तेवढे गुण इथे येणारच. आणि मग सरावात 600 पैकी 540 च्या आसपास मारणारा तिरंदाज 515 वर अडकतो. विचारलं तर "आज नेमच लागत नव्हता" असं उत्तर मिळतं. त्याची स्कोअरशीट एकेक एंड, म्हणजे तीन बाणांची एकेक फेरी, करून वाचा. कुठेतरी एक एम (मिस, म्हणजे शून्य गुण) असतो, त्याच्या पुढच्याच एंडला घाईत मारलेले दोन सात असतात, मग साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) हलवल्यामुळे सलग चार एंड आठांवर गेलेले असतात. हे गुण बाण सोडण्याच्या आधी किंवा नंतर गेलेले आहेत, आणि म्हणूनच ते वाचवता येतात.

स्पर्धेचं स्वरूप थोडक्यात. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे 18 मीटरवरून 60 बाण, म्हणजे 3 बाणांचे 20 एंड, कमाल गुण 600. टार्गेट फेस, म्हणजे टार्गेटवरचा वर्तुळांचा कागद, 40 सेंटीमीटरचा. रिकर्व्हसाठी (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) 10 गुणांचं वर्तुळ 4 सेंटीमीटर व्यासाचं, कंपाउंडसाठी (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मात्र फक्त आतलं 2 सेंटीमीटरचं वर्तुळ 10 धरतात आणि त्याच्या बाहेरचा पिवळा 9. कंपाउंडवाल्यांनी हे सरावातही असंच मोजावं. सरावात बाहेरच्या वर्तुळाला 10 देत राहिलं की स्पर्धेच्या दिवशी स्वतःचाच स्कोअर अनोळखी वाटतो.

ट्रिपल फेसवरची चूक महागात पडते

एकाखाली एक तीन छोटी वर्तुळं असलेला ट्रिपल फेस बाण एकमेकांवर आपटून मोडू नयेत म्हणून सोयीचा असतो, पण त्यावर निळ्या सहाच्या बाहेर काहीच नाही. मोठ्या फेसवर ज्या बाणाला 5 किंवा 4 मिळाले असते, तो इथे सरळ एम. ज्याचे बाण अजून अधूनमधून सहाच्या बाहेर जातात, त्याला स्पर्धेच्या नियमांत मुभा असेल तर त्याने बिनदिक्कत एका मोठ्या फेसवर खेळावं. ट्रिपलवर खेळलं म्हणून कुणी मोठा तिरंदाज होत नाही.

दुसरी चूक एकाच वर्तुळात दोन बाण मारण्याची. असं झालं तर दोन्ही बाण त्या एंडमधले धरले जातात, पण गुण फक्त कमी असलेल्याचे मिळतात आणि दुसरा एम होतो. म्हणजे वरच्या वर्तुळात 10 आणि 9 मारले, तर हाती 9 आणि एम. अशा वेळी घाबरून रिकाम्या वर्तुळावर चौथा बाण मारणारे असतात. तीनपेक्षा जास्त बाण गेले की सर्वांत कमी गुणांचे तीनच मोजतात, त्यामुळे नुकसान भरून निघत नाही. उपाय एकच: वरून खाली किंवा खालून वर, जो क्रम ठरवाल तो सरावाच्या पहिल्या दिवसापासून बदलू नका. धनुष्य उचलण्यापूर्वी कुठलं वर्तुळ ते मनात म्हणा, मगच दोरीला बोटं लावा.

एका बाणावरून साइट हलवणं

माझ्या मते इनडोअरमध्ये सगळ्यात जास्त गुण इथे जातात. बाहेरच्या मैदानावर बाण डावीकडे गेला तर वाऱ्याचा संशय घ्यायला जागा असते. हॉलमध्ये ती नाही, म्हणून संशय लगेच साइटवर येतो. पहिला बाण डावीकडे आठ, की साइट दोन क्लिक डावीकडे. पुढचा बाण नीट सुटतो आणि उजवीकडे नऊ लागतो, की साइट पुन्हा उजवीकडे. दहा एंडांनंतर साइट मूळ जागी असते आणि मधले वीसेक गुण गेलेले असतात.

ट्रिपल फेसवर हा धोका वाढतो, कारण तिन्ही बाण तीन वेगळ्या वर्तुळांत असतात आणि ग्रुप, म्हणजे बाण कुठे एकत्र जमतायत ते, डोळ्यांना दिसतच नाही. वरचा बाण नऊच्या डाव्या कडेला, मधला दहाच्या खाली, खालचा पुन्हा डावीकडे. तीन वेगवेगळ्या चुका वाटतात. म्हणून खिशात एक छोटी वही ठेवा, तिच्यात एकच वर्तुळ काढा आणि प्रत्येक एंडचे तिन्ही बाण त्याच वर्तुळात टिंबांनी मांडा. तीन एंड झाले की नऊ टिंबं होतात आणि चित्र बोलू लागतं. टिंबं एका जागी जमली असतील आणि ती जागा मध्यापासून दूर असेल, तरच साइट हलवायची, तीही ज्या बाजूला टिंबं आहेत त्याच बाजूला. टिंबं चहूकडे विखुरलेली असतील तर साइटला हात लावू नका. तिथे दोष अँकरमध्ये (ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा), सोडण्यात किंवा दोरीच्या सावलीच्या (नेम धरताना डोळ्यासमोर दिसणारी दोरीची धूसर रेघ) जागेत आहे.

टिंबांशेजारी बाणाचा क्रमांकही लिहा. पाचवा बाण दर वेळी उजवीकडे आठ देतोय आणि बाकीचे मध्यात आहेत, हे यावरूनच कळतं. असा बाण बाजूला काढून त्याचा नॉक (मागची दोरीत अडकणारी खाच), पिसं आणि सरळपणा तपासा. अ‍ॅल्युमिनियमचा बाण असेल तर तो दोन नखांवर ठेवून फुंकरीने फिरवा. वाकलेला असेल तर बोटांना थरथर लगेच जाणवते. नॉकला केसाएवढी चीर असली तरी तो बाण त्या दिवशी पुन्हा वापरायचा नाही.

टिंबं उभी लांबली, म्हणजे वर-खाली पसरली, तर रिकर्व्हमध्ये आधी अँकर पाहा. हनुवटीखालचा हात सैल झाला की बाण उंची बदलतात. आडवी पसरली तर मूठ वळतेय का, सोडताना हात गालापासून बाहेर झटकला जातोय का ते कुणाला तरी मागून बघायला सांगा. मागून पाहणाऱ्याला हे दोन बाणांत दिसतं, स्वतःला मात्र दिवसभर दिसत नाही.

जाड बाणांचा मोह

बाणाने रेघेला स्पर्श केला की वरचे गुण मिळतात, म्हणून इनडोअरला जाड बाण वापरतात. नियमाप्रमाणे दांडी 9.3 मिलिमीटरपर्यंत जाड चालते; 2315 मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा बाण 9.1 मिलिमीटरच्या आसपास असतो. आता हिशोब पाहा. बाहेर खेळताना 5.5 मिलिमीटरचा बाण वापरत असाल, तर जाड बाणाने मिळणारा फायदा दोन्ही व्यासांच्या फरकाच्या निम्मा, म्हणजे सुमारे 1.8 मिलिमीटर. फेसवरची एक पट्टी 20 मिलिमीटर रुंद असते. ग्रुप आधीच घट्ट असेल तर हा फायदा खरा आहे, वर्षाखेरीस तो दिसतो. पण हलक्या धनुष्यावर, समजा 28 किंवा 30 पौंडांच्या ओढीवर, 2315 फार ताठ पडतो, नीट उडत नाही, आणि मिळालेल्या 1.8 मिलिमीटरच्या बदल्यात ग्रुपच दुप्पट होतो. अशांनी बाहेरचेच बाण, हवं तर थोडी मोठी पिसं लावून, वापरलेले बरे.

जाड बाण घ्यायचेच असतील तर स्पर्धेच्या आठवड्यात घेऊ नका. दांडी जाड झाली की बाणाचा मध्य धनुष्यापासून बाहेर सरकतो, त्यामुळे प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची कळ) तेवढाच आत घ्यावा लागतो. रेस्टची (बाण टेकतो तो आधार) तार जाड बाणाला पेलते का, पिसं कुठे घासतात का, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टक् वाजणारी पट्टी) जाड दांडीवर जास्त वाकून आधीच ताणलेला तर नाही ना, हे सगळं बघावं लागतं. पिसं घासतात का हे पाहायला त्यांच्या कडेला थोडी पावडर लावून बाण मारा, खूण कुठे उमटते ते दिसेल.

घड्याळाची भीती

तीन बाणांना ठरलेला वेळ मिळतो. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, दहा सेकंदांनी एक शिट्टी झाली की सुरुवात. शेवटचे 30 सेकंद उरले की दिवा पिवळा होतो. नवख्या तिरंदाजाला तो पिवळा दिवा दिसला की क्लिकर वाजायच्या आत बाण सुटतो. वास्तविक चांगला शॉट पंधरा-वीस सेकंदांत पूर्ण होतो आणि एका बाणाच्या वाट्याला त्याहून जास्त वेळ येतो. म्हणजे एंडमध्ये एखादा शॉट बाण न सोडता उतरवून घ्यायला नक्की वेळ आहे. ओढलेला शॉट आत कुठेतरी अडकला असं वाटलं, तर धनुष्य खाली घ्या, एक श्वास सोडा, पुन्हा उचला. हे सरावात मुद्दाम करायला हवं: प्रत्येक पाचव्या एंडला एक शॉट पूर्ण ओढून उतरवायचा आणि तरीही तिन्ही बाण वेळेत मारायचे. ज्याने हे केलेलं असतं त्याला पिवळा दिवा दिसतो, पण हलवत नाही.

दोन गट आलटून पालटून खेळतात तेव्हा मधल्या वेळात खुर्चीवर बसून मोबाइल पाहणं ही आणखी एक चूक. खांदे गार पडतात आणि पुढच्या एंडचा पहिला बाण जातो. उभे राहा, हात हलते ठेवा, घोटभर पाणी प्या.

पिवळ्यावर थिजणं

18 मीटरवर साइटची पिन मध्यात आणून स्थिर धरण्याची हाव सुटते. मग पिन पिवळ्याच्या कडेला अडते, आत येतच नाही. किंवा आत येताच बोटं दचकून सुटतात. कंपाउंडमध्ये हेच रिलीजचा (दोरी सोडायचं हातातलं साधन) घोडा झटक्याने दाबण्यातून दिसतं. यावर स्पर्धेच्या दिवशी इलाज नाही, तो आधीच्या आठवड्यांत करावा लागतो. फेस काढून टाका, टार्गेटच्या पाच पावलांवर उभे राहा आणि फक्त पाठीचा ताण व सुटणं यावर लक्ष ठेवून बाण मारा. मग मोठा फेस लावा, अंतर हळूहळू वाढवा. पिन हलणारच. ती हलत असताना ओढ चालू ठेवता येणं, हेच शिकायचं असतं.

बाण पडला, बाण उसळला

चढवताना बाण हातातून सुटून पुढे पडला तर पाऊल रेषेपुढे टाकू नका. त्याचा काही भाग शूटिंग लाइन आणि 3 मीटरच्या रेषेच्या मध्ये असेल, तर तो मारलेला धरत नाहीत. टार्गेटवरून उसळून आलेला नसला म्हणजे झालं. भात्यातला दुसरा बाण घ्या. म्हणूनच भात्यात तीनच बाण घेऊन उभं राहणं धोक्याचं. जादा बाणही त्याच रंगाच्या नॉक-पिसांचे आणि आपल्या नावाची अक्षरं लिहिलेले असावेत, नाहीतर पंच तिथेच अडवतील.

टार्गेटवर लागलेला बाण उसळून परत आला तर एंड संपल्यावर रेषेवरच थांबून पंचांना खूण करा. पंच फेसवर खूण न केलेलं भोक शोधतात. म्हणून प्रत्येक एंडनंतर बाण काढण्यापूर्वी सगळ्या भोकांवर पेनने खूण करण्याचा आळस करू नका. पुढच्या वेळी तुमचाच बाण उसळलेला असेल.

मोजणीतली चूक

गुण मोजून होईपर्यंत बाणाला किंवा फेसला हात लावायचा नाही, बोट टेकवून "हा बघ, लागलाय" असंही दाखवायचं नाही. बाण रेघेला लागलाय की नाही यावर एकमत होत नसेल तर पंचांना बोलवा. ते भिंग घेऊन येतात आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. संकोचाने नऊ मान्य करून नंतर कुरकुरण्यात अर्थ नाही. आकडे मोठ्याकडून लहानाकडे सांगा: 10, 9, 8. चुकीचा आकडा लिहिला गेला तर खाडाखोड न करता बाण काढण्याआधीच सांगा आणि त्या टार्गेटवरच्या सगळ्यांची सही घेऊन दुरुस्त करा.

सगळं संपल्यावर सही करण्याची घाई असते. बेरीज स्वतः करा, दहांची संख्या मोजा, कारण बरोबरी झाली तर आधी तीच पाहतात. दोन्ही स्कोअरशीट शेजारी ठेवून शेवटचा आकडा जुळवा, मगच सही करा. सही झाल्यावर त्या आकड्याबद्दल तक्रार करता येत नाही.