दहा-बारा हजारांत एकच लेन्स: कासच्या हंगामाआधीची तयारी

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आहे आणि आता दुसरी घ्यायची आहे. मग प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यावी, की लांबचं जवळ आणणारी झूम? दुकानात जाण्याआधीचं पहिलं काम घरीच होतं. किट लेन्सने काढलेले आणि तुम्हाला मनापासून आवडलेले पन्नासेक फोटो वेगळे काढा. प्रत्येकाची माहिती उघडून तो किती फोकल लेंथवर काढलाय ते बघा (हा मिलिमीटरचा आकडा: लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ). बहुतेकांचे फोटो एका टोकाला साचलेले असतात. ते ५५ वर साचले असतील तर तुम्हाला आणखी लांबचं हवंय. १८ वर साचले असतील तर आणखी रुंद हवंय, आणि ५० ची प्राइम घेऊन यातली कुठलीच अडचण सुटणार नाही. मग बिघडलेले फोटोही बघा. अंधारामुळे हलले, दाणेदार आले, की विषयच लांब राहिला? या उत्तराआधी किंमत विचारू नका.

तक्रार अंधाराची असेल तर प्राइमच. किट लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५५ मिमीला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), एफ १.८ वर तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. गौरीपुढच्या समयांच्या उजेडात जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० लागत होता (तो वाढवला की फोटो दाणेदार होतो), तिथे साधारण ६४० वर भागतं. झूममधल्या स्टॅबिलायझरने आपल्या हाताची थरथर सावरते, पण आरतीचं ताट ओवाळणारा हात हलायचा तो हलतोच. त्याला वेगवान शटरच लागतं. आता खोली मोजा. कॅननच्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी दिसते, निकॉनवर ७५ सारखी; म्हणजे दृश्य आणखी अरुंद. पेठेतल्या जुन्या घराच्या माजघरात भिंतीला पाठ टेकली तरी आरतीला उभी असलेली मंडळी चौकटीत मावत नाहीत. म्हणून घरच्या कार्यांसाठी मी ५० पेक्षा ३५ सुचवते. आणि माणसं दोन रांगांत असतील तर अपर्चर ४ पर्यंत बंद करा, नाहीतर मागची रांग धूसर येते.

कास पठारावरच्या फुलांचं गणित वेगळं आहे. ‘फुलांसाठी ५० घे’ असं जो तो सांगतो, आणि मला ते पटत नाही. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही, तिचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या किती पट पडते ते, ०.२१. १८-५५ एफ ३.५-५.६ आयएस एसटीएम ही किट लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि ०.३६ देते. म्हणजे ५० च्या चौकटीत साडेदहा सेंटिमीटरचा तुकडा येतो, तर किटच्या चौकटीत सहा सेंटिमीटरचा. सड्यावरची, म्हणजे त्या कातळी पठारावरची, सीतेची आसवं जेमतेम नखाएवढी, दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब तर टाचणीच्या डोक्याहून लहान. तिथे तुमच्याकडे आहे तीच लेन्स सरस ठरते. ५० आधीच घेतली असेल तर तिच्यामागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावा, मॅग्निफिकेशन ०.७ च्या घरात जातं. ट्यूब घेताना तिच्यावर विजेचे संपर्क आहेत ना ते बघा, नाहीतर अपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

शिवाय सड्यावर पाय पायवाटेवरच ठेवायचा असतो. ही झाडं कातळावरच्या बोटभर मातीत उभी असतात. एका फोटोसाठी आत टाकलेलं पाऊल पुढच्या फुलांवर पडतं. इथे कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम ही लांबची झूम कामाला येते: ८५ सेंटिमीटरवरून ०.२९ मॅग्निफिकेशन, म्हणजे पायवाटेवर बसूनच तेरड्याचं एकेक फूल सुटं दिसतं. वारा असतोच, तेव्हा शटर निदान १/५०० ठेवा. हीच लेन्स आषाढात वारीच्या वेळी तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात लागते, कारण त्या गर्दीत जागा बदलणं आपल्या हातात नसतं. नवी घ्यायची तर बजेट ताणावं लागेल, पण तुमचे विषय कास आणि पालखी असतील तर थोडं थांबून जुनी चांगली शोधा, असंच मी म्हणेन.

तरी मन द्विधा असेल तर एका रविवारी किटची रिंग ३५ वर आणून चिकटपट्टी लावा आणि अजिंक्यताऱ्यावर जा. दिवसभरात पट्टी काढावीशी किती वेळा वाटली, तेवढं लक्षात ठेवा; झूम न होणारी प्राइम झेपेल का, ते त्यावरून कळेल.

तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीचं नावही लिहून न्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेत फोकसची मोटर नसते. त्यावर स्वस्तातली ५० एफ १.८डी बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस लिहिलेलीच मागा, तिच्यात स्वतःची मोटर असते.

जुनी लेन्स दिवसाउजेडी बघायला जा, सोबत टॉर्च न्या. मागून उजेड टाकून पुढून तिरकं बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी नको. आपल्या दमट पावसाळ्यात ती वाढतच जाते. अपर्चरच्या पात्यांवर तेल नको. झूम खाली तोंड करून धरा, नळी आपोआप घसरली तर ती सैल झालीय. आपल्याच कॅमेऱ्यावर लावून भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा पूर्ण उघड्या अपर्चरला फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते.

पाच-सातशे रुपये बाजूला ठेवाच: घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, मऊ कापड. कासच्या धुक्यातून आल्यावर लेन्स बॅगेत तशीच ठेवू नका. पुसून, पंख्याखाली वाळवून मगच डब्यात. शनिवार-रविवारचं कासचं बुकिंग आधीच करा, आणि बॅगेत गुडघ्याखाली घ्यायला एक जाड प्लॅस्टिकचा तुकडा टाका, कारण फुलाच्या उंचीवर यायचं तर ओल्या पायवाटेवर बसावंच लागतं.