साथीच्या दिवसांत लॉन बोल्स: धोका जॅकपाशी असतो

साथ पसरलेली असताना मोकळ्यावर खेळायला लॉन बोल्ससारखा सोयीचा खेळ कमी सापडेल. हिरवळीवर जॅक नावाचा छोटा चेंडू ठेवायचा आणि जड ‘बोल’ घरंगळवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे, असा हा खेळ. एका वेळी एकच जण टाकतो, अंगाला अंग लागत नाही आणि जॅक मॅटपासून, म्हणजे जिथून बोल टाकतात त्या छोट्या चटईपासून, किमान 23 मीटरवर असतो. तरीही कोविडच्या काळात या खेळाबद्दल जे सल्ले फिरले, त्यातले निम्मे बोल पुसण्याचे आणि उरलेले हातमोज्यांचे होते. जिथे खरोखर जपायला हवं, तिथलं कुणी बोलत नव्हतं.

सोपं ते आधी. अंगात कणकण असेल किंवा घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर येऊ नका. मैदानं बंद ठेवायचा आदेश असेल तर हुज्जत नको. वेळ सकाळी सहाची. नागपुरात मे महिन्यात नऊनंतर मास्क लावून हिरवळीवर उभं राहणं ही शिक्षाच. बोल, फडकं, पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी.

फोर्स, म्हणजे चार-चार जणांच्या दोन संघांचा सामना, खेळू नका. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यापासून आमच्या लेआउटमध्ये (वसाहतीत) ज्याला त्याला फोर्सच हवं असतं. पण फोर्स म्हणजे एका रिंकवर, म्हणजे खेळायच्या एका पट्ट्यावर, आठ माणसं. साथीत सिंगल्सच बरं: दोघे खेळाडू, प्रत्येकी चार बोल आणि खेळावर लक्ष ठेवणारा एक मार्कर. शेजारची रिंक रिकामी सोडा. दोन्ही टोकांना एकेक मॅट कायमची अंथरून ठेवा आणि जॅक टाकत बसण्यापेक्षा मार्करने तो रिंकच्या उभ्या मधल्या रेषेवर ठेवून द्यावा. नियमाच्या पुस्तकात हे बसत नाही, पण आपण काही राष्ट्रकुलला निघालेलो नाही.

आता सॅनिटायझर. दर एंडला, म्हणजे सगळे बोल एका टोकाकडे टाकून होतात त्या प्रत्येक फेरीला, बोलांवर फवारणी करणारे लोक मी पाहिले आहेत. ओल्या हातातून दीड किलोच्या आसपासचा बोल निसटला की तो थेट पायाच्या अंगठ्यावर येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल 2021 मध्येच सांगितलं होतं, की दूषित वस्तूला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 त 1 पेक्षाही कमी असते. खेळाआधी आणि खेळानंतर साबणाने हात धुवा, तेवढं पुरे.

कोविड मुख्यतः श्वासातून पसरतो, आणि बोल्समध्ये श्वास एकत्र येतात ते जॅकपाशी. शेवटचा बोल थांबला की जो तो तिकडे निघतो. बाकावर बसलेले रिटायर्ड काकाही उठतात. मग मापाची वेळ येते. एकजण टेपचं टोक जॅकला धरतो, दुसरा डबी बोलाकडे नेतो, तिसरा दोघांच्या मधून मान घालतो. तिघांची नाकं वीतभर अंतरावर, मास्क हनुवटीवर, आणि पॉइंटचा प्रश्न असल्यामुळे आवाज चढलेले. "माझाच जवळ आहे ना काकाजी, तुम्ही काय पाहून राहिले?" बाकी सकाळभर पाळलेलं अंतर या अर्ध्या मिनिटात पाण्यात जातं. आमच्या ग्रुपला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला. "लांब उभे राहा" असं सांगून कुणी लांब राहत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं. म्हणून जागा आखूनच द्यावी लागते.

जॅकभोवती तीन पावलांवर चुन्याच्या फक्कीचं गोल रिंगण काढा. एंडमध्ये जॅक सरकला तर रिंगण त्याच्याबरोबर सरकलं असं धरायचं. त्या रिंगणात मार्करशिवाय कुणी जायचं नाही. खेळाडूंनी रिंगणाबाहेर समोरासमोरच्या बाजूंना थांबावं, मास्क नाकावर. माप मार्करने एकट्यानेच घ्यायचं. दुसऱ्याला टेप धरायला बोलावलं की घोळका झालाच म्हणून समजा. टेपची डबी बोलाशी ठेवा, पट्टी जॅकपर्यंत सरकवा आणि लॉक करा. टोक जॅकला टेकवू नका, केसभर अंतर ठेवा. जॅक हलला तर सगळंच मुसळ केरात. मग तीच लॉक केलेली लांबी दुसऱ्या बोलाला लावून पाहा. अंतर अगदी सारखं निघालं तर तो एंड कुणाचाच नाही, मूळ नियमच तसा आहे.

मार्करचा शब्द शेवटचा, हे टॉसच्या आधीच कबूल करून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही. तरी कुणाला शंका असेलच तर मार्करने बाजूला व्हावं आणि त्या एकट्याने आत जाऊन पाहावं. मोबाइलवर फोटो काढून दाखवायची शक्कल मुळीच लढवू नका. फोटो पाहायला पुन्हा तीच तीन डोकी एका स्क्रीनवर वाकतात. फोटो पाठवायचाच असेल तर ग्रुपवर टाका, ज्याने त्याने आपापल्या फोनवर पाहावा.

मॅटवरून ओरडून "किती मागे?" असं विचारायचीही सवय सोडा. मार्करने हात पसरून अंतर दाखवावं: दोन्ही तळवे जवळ म्हणजे फूटभर, हात पूर्ण ताणले म्हणजे मीटरहून जास्त. पुढे की मागे, ते बोटाने दाखवायचं. दोन-तीन एंडमध्ये जमतं, आणि मैदानही शांत राहतं.

मास्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मॅटवर एकटे असताना तो काढलात तरी हरकत नाही, पण काढला तर खिशात ठेवा. हनुवटीवरचा मास्क फक्त घाम टिपतो.

एंड संपला की आपापले बोल पायाने हळूच सरकवून गोळा करा. लाथ मारू नका, बोल दुसऱ्याच्या घोट्यावर जातो. दुसऱ्या टोकाकडे जाताना रिंकच्या दोन वेगळ्या कडांनी चाला.

खेळून झाल्यावर मंडळी टपरीकडे वळतात. दोन तास अंतर पाळून मग एकाच बाकड्यावर सहा जणांनी तर्री पोह्यांवर तोंड उघडून बसायचं असेल, तर वरचं काहीच करू नका. तर्री पोहे पार्सल घ्या, तर्री वेगळ्या पिशवीत मागा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत पोह्यांचा लगदा होतो.