लघवीतून रक्त, पण दुखत काहीच नाही: किडनीच्या कॅन्सरचा तपास आणि उपचार

एप्रिल-मेमध्ये नाशिकला लघवी लालसर झाली की घरात निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, फार तर मुतखड्याचं सिरप. बहुतेकदा ते निभावूनही जातं. पण उन्हाळीत जळजळ होते, सारखं जावं लागतं. खड्याची कळ कमरेतून जांघेत उतरते. काहीच न दुखता लघवीतून रक्त गेलं, तर ते या दोन्हींत बसत नाही. खरा घात पुढेच आहे. हे रक्त एकदा-दोनदा येतं, आपोआप थांबतं आणि कित्येक आठवडे दिसत नाही. श्रेय काढ्याला जातं, गाठ मात्र वाढत राहते.

आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, टीबीची रिफाम्पिसिन चालू आहे का, हे आधी आठवा. दोन्हींनी रंग बदलतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तरी ‘त्यामुळेच आलं असेल’ म्हणून विषय संपवू नका, तपासणी तेवढीच हवी. अळीसारख्या लांबट गुठळ्या पडल्या तर रक्त किडनी किंवा मूत्रनलिकेतून येत असण्याची शक्यता जास्त. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना उपयोग होतो.

रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ ही पुस्तकातली तीन लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात, आणि दिसली तर आजार बराच पुढे गेलेला असतो. निम्म्याहून जास्त गाठी भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. न उतरणारा बारीक ताप, घटतं वजन, कारण न सापडणारा पंडुरोग, रक्तात वाढलेलं कॅल्शियम यांमागेही किडनी असू शकते. पुरुषाच्या डाव्या अंडकोशाभोवतीच्या शिरा नव्यानेच फुगल्या आणि आडवं झाल्यावरही बसल्या नाहीत, तर पोटाची सोनोग्राफी कराच. बिडी-सिगारेट, लठ्ठपणा, बीपी आणि वर्षानुवर्षांचं डायलिसिस यांनी धोका वाढतो.

तपासण्यांचा क्रम

सुरुवात लघवीची रुटीन तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि भरल्या मूत्राशयाने केलेली सोनोग्राफी यांनी. रिपोर्टात ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’ असेल तर ती पाण्याची पिशवी, घाबरायचं कारण नाही. ‘सॉलिड’, ‘हेटेरोइकोइक’, ‘व्हॅस्क्युलॅरिटी’ असे शब्द आणि पुढे ३.४ × ३.१ सेंमी असं माप दिसलं, तर युरोलॉजिस्टकडे जायचं. सोनोग्राफी नॉर्मल आली पण रक्त डोळ्यांनी दिसलं होतं, तर तपास संपलेला नाही: बारीक गाठ सोनोग्राफीत निसटते आणि रक्त मूत्राशयातूनही येऊ शकतं. त्यासाठी सीटी युरोग्राफी, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या वाटेचा सीटी, आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी असते.

सीटीच्या वेळी एक चूक नेहमी होते. खड्यासाठी काढलेला प्लेन सीटी हाताशी असतो आणि त्यावरच काम भागवलं जातं. गाठीसाठी तो पुरत नाही. आधी कॉन्ट्रास्टशिवाय (म्हणजे शिरेतून देतात त्या औषधाशिवाय), मग कॉन्ट्रास्ट देऊन वेगवेगळ्या वेळी चित्रं घ्यावी लागतात. कॉन्ट्रास्टनंतर गाठीची घनता साधारण २० हौन्सफील्ड युनिटने (सीटीवर घनता मोजायचं एकक) वाढली, तर तिच्यात रक्त खेळतंय असं धरतात. गाठीत चरबी दिसली तर ती बहुधा अँजिओमायोलायपोमा ही साधी गाठ असते, कॅन्सर नव्हे. जाण्यापूर्वी सेंटरने सांगितलेल्या वेळेइतकं उपाशी राहा, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची रिअॅक्शन आली असेल तर तसं सांगा. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. दुसरं मत घेताना तीच लागते.

पाण्याच्या गाठीत पडदे किंवा घट्ट भाग असेल तर रिपोर्टात बोस्नियाक श्रेणी लिहितात, म्हणजे कॅन्सरची शक्यता किती त्याचा दर्जा. १ आणि २ सोडून द्यायच्या, २एफवर ठराविक काळाने नजर ठेवायची. ३ मध्ये जवळपास निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात, ४ मध्ये बहुतेक सगळ्या.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती घरोघरी आहे. किडनीत असं फारच क्वचित घडतं. तरीही पुष्कळदा बायोप्सी करत नाहीत, कारण सीटीवरूनच ऑपरेशनचा निर्णय होतो. गाठ जाळायची असेल, पसरलेल्या आजारावर औषध सुरू करायचं असेल किंवा लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल, तर मात्र ती हवी. आजार फुप्फुसात पसरलाय का ते पाहायला छातीचा सीटी करतात. पेट स्कॅनचा आग्रह धरू नका. त्याचं औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे किडनी तशीही उजळते.

उपचार सेंटीमीटरवर ठरतो

४ सेंमीपर्यंतच्या गाठीला शक्यतो फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवतात. यालाच पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. ‘पार्शल नेफ्रेक्टॉमी जमेल का, नसेल तर का नाही?’ हा प्रश्न सर्जनला विचाराच. ४ ते ७ सेंमीत गाठीची जागा पाहून ठरतं. त्याहून मोठी किंवा शिरेत शिरलेली असेल तर बहुधा पूर्ण किडनी जाते. वयस्कर, हृदयरोगी रुग्णाची गाठ लहान असेल तर नुसती नजर ठेवणं हाही उपचारच, हलगर्जीपणा नव्हे. ३ सेंमीहून लहान गाठ असेल तर ती जाळण्याचा किंवा गोठवण्याचा पर्याय असतो.

नेहमीची केमो या कॅन्सरवर जवळजवळ चालत नाही. पसरलेल्या आजारात सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, कॅबोझँटिनिबसारख्या गोळ्या आणि निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, वापरतात. पॅझोपॅनिब जेवणाआधी १ तास किंवा नंतर २ तासांनी घ्यायची. जेवणासोबत घेतली तर रक्तातलं प्रमाण वाढून त्रास होतो. गोळ्यांवर घरी बीपी मोजत राहा, तळहात-तळपाय सोलवटले तर लगेच सांगा. इम्युनोथेरपीत जुलाब लागले तर मेडिकलमधून गोळी आणून दाबू नका, आतड्याची सूज असू शकते.

नाशिकमध्ये कुठून सुरुवात

सरकारी वाटेने जायचं तर जिल्हा रुग्णालय किंवा शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या मदतनिसाला) भरती होण्याआधीच भेटा. योजना कॅशलेस आहे. आधी खर्च करून मग बिलाचे पैसे परत मिळतील हे धरून चालू नका. परळच्या टाटाला जायचं असेल तर उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या.

ऑपरेशननंतर पाच वर्षं तरी ठरल्या तारखांना सीटी आणि क्रिएटिनिन करा. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आणि तपास चालू असताना कधीही गुठळ्यांमुळे लघवी तुंबली, तर सकाळची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे नळी घालून मूत्राशय धुतात.