मुलांच्या नावाने खातं उघडताय? आधी तारखा मोजा

पोस्टाच्या खिडकीवर पहिला प्रश्न व्याजदराचा विचारला जातो. तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न हा की पैसे कोणत्या वर्षी हातात हवेत. मुलाच्या जन्मवर्षात 18 मिळवा. बारावीनंतरच्या प्रवेशाचं वर्ष साधारण तेच येतं. मग प्रत्येक खात्याची मुदत त्याच्याशी ताडून पाहा.

सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना. तिच्यात सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. मुदतीची 21 वर्षं मुलीच्या वयाची नाहीत, खातं उघडल्यापासूनची आहेत. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत खातं उघडता येतं. पण ते सहा महिन्यांच्या बाळासाठी उघडलं तर साडेएकविसाव्या वर्षी पिकतं आणि नऊ वर्षांच्या मुलीसाठी उघडलं तर थेट तिशीत. शिक्षणासाठी मधे एक वाट आहे: मुलगी 18 वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. तीही प्रवेशपत्र आणि फीची पावती दाखवून, प्रत्यक्ष फीइतकीच. त्यामुळे मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर सगळी बचत सुकन्यात कोंबू नका.

वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये, तेही पहिली 15 वर्षंच. पुढची सहा वर्षं नुसतं व्याज चढतं. जानेवारी 2024 मध्ये दर 8.2 टक्के झाला. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, म्हणून भरण्याआधी चालू दर बघा. हाच दर शेवटपर्यंत टिकला असं धरलं, तर दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला 12,000 भरून, म्हणजे एकूण 1 लाख 80 हजार घालून, शेवटी सुमारे 5 लाख 70 हजार होतात. एखाद्या वर्षी किमान रक्कम चुकली तर त्या वर्षाचे 50 रुपये दंड आणि थकलेली किमान रक्कम भरून खातं पुन्हा चालू होतं.

व्याज महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. दीड लाख 6 एप्रिलला भरले तर एप्रिलचं व्याज, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपासच्या दराने हजारभर रुपये, गेलं. चेक देणार असाल तर वठायला लागणारे दिवस धरून आधीच द्या.

आजी-आजोबांना नातीचं सुकन्या खातं स्वतः पालक म्हणून उघडायची हौस असते. ते आई-वडिलांनीच, किंवा कायदेशीर पालकाने उघडायचं. आजोबांनी पैसे द्यावेत.

मुलगा असेल तर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं. दर 7.1 टक्के, वर्षाला किमान 500. मुदत 15 वर्षांची, पण ती उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. इथला सापळा मर्यादेचा: तुमचं खातं आणि मुलाचं खातं मिळून दीड लाख. दोन्हींत दीड-दीड लाख भरले तर जादाच्या रकमेवर व्याज मिळत नाही. आईने एक आणि बाबांनी एक अशी एकाच मुलाची दोन खातीही चालत नाहीत.

पैसे लागायला दहा वर्षांहून जास्त अवधी असेल तर काही भाग इंडेक्स फंडाच्या (शेअर निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) एसआयपीत, म्हणजे ठरावीक हप्त्यांत, टाकणं योग्य. मात्र तो मुलाच्या नावाने घेण्यापेक्षा स्वतःच्या नावाने, वेगळ्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) ठेवा आणि मुलाला नॉमिनी करा, असं आमचं मत. मुलाच्या नावाचा फोलिओ तो 18 वर्षांचा होताच गोठतो. नवं केवायसी आणि त्याच्या सहीची नोंद होईपर्यंत एसआयपी बंद आणि पैसे काढणंही बंद, तेही नेमकं प्रवेशाच्या जूनमध्ये. करातही खास फायदा नाही, कारण अल्पवयीन मुलाचं असं उत्पन्न जास्त कमावणाऱ्या पालकाच्याच उत्पन्नात धरतात. फी भरायच्या तीन वर्षं आधीपासून हे पैसे टप्प्याटप्प्याने एफडीत हलवायला लागा. बाजार पडलेल्या वर्षीच फी आली तर थांबायला सवड नसते.

विम्याची ‘चाइल्ड पॉलिसी’ आधी नको. कमावत्या पालकाचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा, आधी घ्या. हप्ते भरणारा माणूसच गेला तर वरची सगळी गणितं कोसळतात.

कागद साधे आहेत: जन्मदाखला, पालकाचं आधार आणि पॅन, फोटो. अडकतं ते नावात. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते. आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. शाळेत ‘पाटील सई महेश’ आणि आधारवर नुसतं ‘सई पाटील’, असंही असतं. खातं उघडतानाच सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. पंधराव्याचं राहिलं तर अठराव्या वर्षीचं केवायसी तिथेच अडू शकतं.