थॉमस पेनवर लिहिताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये फुले जयंती जवळ आली, की मुलांचे निबंध आणि भाषणांचे कच्चे खर्डे माझ्याकडे तपासायला येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘१८४७ साली जोतीरावांनी थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला.’ पेन म्हणजे अठराव्या शतकातला इंग्रज विचारवंत. इथवर ठीक. गडबड होते ती पुढे.

पहिली चूक नावाची : पेनचा ग्रंथ आणि फ्रान्सचा जाहीरनामा एकच समजतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं ऑगस्ट १७८९ मध्ये मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा काढला. तो पेननं लिहिलेला नाही. पेनचा ग्रंथ दोन भागांत आला, १७९१ आणि १७९२ मध्ये, आणि तो फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्क या ब्रिटिश संसदपटूला दिलेलं उत्तर आहे. त्यानं जाहीरनाम्याचं भाषांतर आपल्या ग्रंथात घेतलंय, त्यामुळे घोटाळा होतो. खर्ड्यात पेनच्या ग्रंथापुढे १७८९ दिसलं, की खुशाल खोडा.

‘पेननं समता शिकवली’ एवढंच लिहून थांबणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. त्याचा मुद्दा फार नेमका होता. बर्कचं म्हणणं असं, की १६८८ च्या क्रांतीनंतर इंग्लंडच्या संसदेनं राजघराण्याशी निष्ठा वाहिली ती स्वतःपुरती नव्हे, तर पुढच्या पिढ्यांच्या वतीनंही. पेन विचारतो, मेलेल्यांना जिवंतांवर हुकूम चालवायचा अधिकार दिला कुणी? प्रत्येक पिढी आपला कारभार ठरवायला मोकळी आहे, आणि कबरीपलीकडून राज्य करण्याची हाव ही सगळ्यात उद्धट जुलूमशाही आहे. आता हे वाक्य पुण्यात बसून वाचणारा वीस वर्षांचा, माळी समाजातला तरुण डोळ्यांसमोर आणा. ‘वाडवडिलांपासून चालत आलंय’ हे उत्तर त्याला पावलोपावली ऐकावं लागत होतं. दुसऱ्याच वर्षी, १८४८ मध्ये, त्यानं मुलींची शाळा काढली. ती केवळ एका पुस्तकामुळे निघाली असं मात्र लिहू नका. तो शिकला ती मिशनची शाळा होती, सोसलेले अपमान होते, आणि मुख्य म्हणजे सावित्रीबाई होत्या.

पेन जन्मानं अमेरिकन नव्हे. तो १७३७ मध्ये इंग्लंडमधल्या थेटफर्डला जन्मला. वडिलांचा धंदा बायकांच्या तंग काचोळ्या शिवण्याचा, तोच तोही शिकला. पुढे जकातीच्या नोकरीतून त्याला काढलं. तो अमेरिकेत पोचला १७७४ च्या अखेरीस, सदतिसाव्या वर्षी, आणि जानेवारी १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारं त्याचं ‘कॉमन सेन्स’ हे पुस्तक बाहेर पडलं.

त्याला नास्तिकही म्हणू नका. धर्मावरच्या ‘द एज ऑफ रीझन’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो सांगतो, की माझा एका ईश्वरावर विश्वास आहे, त्याहून अधिकांवर नाही. त्यानं नाकारलं ते धर्मपीठांना आणि ईश्वरानं पाठवलेल्या म्हणवणाऱ्या पोथ्यांना. जोतीरावांचा ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा एकच ईश्वर, ज्यांनी समजून घेतलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘रक्तपिपासू क्रांतिकारक’ हा शेरा तर अन्यायच आहे. फ्रेंच प्रतिनिधीसभेत बसून त्यानं राजा सोळाव्या लुईच्या देहदंडाला विरोध केला. राजेशाही नको, पण माणूस मारू नका, ही त्याची भूमिका. १७९३ च्या डिसेंबरात त्याला पॅरिसच्या लक्झेंबर्ग तुरुंगात टाकलं. तिथली हकिगत त्यानंच लिहून ठेवलीय. ज्यांना गिलोटिनवर न्यायचं, त्यांच्या दारावर खडूनं आकडा लिहीत. त्याच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं आणि त्या वेळी ते सताड उघडं होतं, म्हणून खडूची खूण आतल्या बाजूला पडली. रात्री दार लागलं, खूण आत गेली आणि पेन वाचला.

शेवटचं, पेन्शनचं. पेन म्हणजे नुसते राजकीय हक्क, असं समजणारे ‘राइट्स ऑफ मॅन’चा दुसरा भाग वाचतच नाहीत. गरिबांपैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड, आणि गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ४ पौंड, असा हिशेबच त्यानं मांडलाय. ही भीक नव्हे, हक्क आहे, असंही तो बजावतो. मुलांना मूळ ग्रंथ वाचायला द्यायचा असेल, तर दुसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण आधी द्या.