घरी हॉरर बघताना काहीच वाटत नाही? आधी टीव्हीची सेटिंग बघा

बऱ्याच लोकांची तक्रार असते की अमुक पिक्चर एवढा भारी म्हणून ऐकला होता, घरी लावला तर काहीच वाटलं नाही, अर्ध्यात झोपच लागली. मग कसा बघितला विचारलं की कळतं, हॉलमधली ट्यूब चालू होती, आई शेजारी मेथी निवडत बसलेली, मध्ये दोनदा पार्सलवाला येऊन गेला आणि क्लायमॅक्सला कुकरच्या शिट्ट्या. अहो मग भूत काय, साक्षात यम रेड्यावरून आला असता तरी कोणी ढुंकून बघितलं नसतं. हॉररचा निम्मा खेळ अंधाराचा आणि शांततेचा असतो आणि आपल्या घरात या दोन्ही गोष्टी आयत्या मिळत नाहीत, जमवाव्या लागतात. फँटसीचं गणित वेगळं, ते पुढे सांगतो.

पहिलं काम टीव्हीचं. नवीन टीव्ही खोक्यातून निघतो तो बहुतेक वेळा व्हिव्हिड नाहीतर स्टँडर्ड मोडवर असतो आणि आपण वर्षानुवर्षं तसाच ठेवतो. व्हिव्हिड हा दुकानातल्या झगमगाटात उठून दिसायसाठी आहे, रंग भडक, पांढऱ्याला निळी झाक, आणि अंधारातला जो भाग दिग्दर्शकाने मुद्दाम लपवलाय तो कधी उजळून दाखवणार तर कधी पार काळा करून टाकणार. पिक्चर मोडमध्ये जाऊन सिनेमा किंवा मूव्ही करा, फिल्ममेकर मोड असेल तर डोळे झाकून तोच. सुरुवातीला सगळं पिवळट वाटेल, पाच-दहा मिनिटांत डोळे सरावतात, लगेच परत बदलू नका.

मग मोशन स्मूदिंग बंद. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम असा शूट होतो आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घुसवतो, त्यामुळे करोडो रुपयांचा पिक्चर सासू-सुनेच्या सिरियलसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. क्रिकेटला ठीक आहे, हॉररला विष. प्रत्येक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी, शोधा आणि ऑफ करा (फिल्ममेकर मोडमध्ये ते आपोआप बंदच असतं). अजून एक छुपा शत्रू म्हणजे खोलीतला उजेड ओळखून ब्राइटनेस कमी-जास्त करणारा सेन्सर, पॉवर सेव्हिंगच्या मेनूत असतो. तुम्ही कौतुकाने लाइट घालवता आणि तो स्क्रीनच मंद करून टाकतो.

हे सगळं नीट झालं का बघायचं असेल तर 'तुंबाड' लावा. २०१८ चा राही अनिल बर्वेचा पिक्चर, २०२४ मध्ये परत थिएटरला आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यात पिक्चरचा नायक विनायक दोरावरून खाली उतरतो तो सीन घ्या. हातात कंदील, भोवती लालसर ओलसर भिंती, जमिनीवर पिठाचं रिंगण आणि मध्ये कणकेची बाहुली. सेटिंग बरोबर असेल तर कंदिलाच्या उजेडाची कड हळूहळू अंधारात विरत जाते आणि त्या कडेवर काहीतरी हलतंय का म्हणून तुम्ही नकळत पुढे सरकून बसता. व्हिव्हिडवर तोच सीन टोमॅटो सॉसच्या जाहिरातीसारखा दिसतो. कॅमेरा पंकज कुमारचा आहे, एकेका फ्रेमवर मेहनत आहे, पाऊसही खरा आहे, त्यासाठी कित्येक पावसाळे शूटिंग चाललं होतं. (साखळीने बांधलेली ती म्हातारी आणि विनायकचा मुलगा पांडुरंग, दोन्ही रोल मोहम्मद समद या एकाच पोराने केलेत. हे कळल्यावर परत बघा.)

रंगाची झाक तपासायला ममूटीचा 'ब्रमयुगम' घ्या, २०२४ चा मल्याळम, अख्खा ब्लॅक अँड व्हाइट. त्यात पांढरं निळसर दिसलं तर कलर टेंपरेचर (पांढऱ्याची झाक ठरवणारी सेटिंग) अजून कूलवर आहे, वॉर्म करा.

आता खोली. खिडकीचा पडदा ओढा, आणि देवघरातला लाल झिरोचा बल्ब टीव्हीच्या काचेत दिसतोय का ते सोफ्यावर बसून बघा, कारण तो बरोबर भुताच्या कपाळावर येतो. ओएलईडी टीव्ही (ज्यात काळा भाग खरंच पूर्ण काळा दिसतो) असेल तर बिनधास्त पूर्ण अंधार करा. साध्या एलईडीवर मात्र मिट्ट अंधारात काळा रंग राखाडी दिसतो, तिथे टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा लावायचा, काळं जास्त काळं वाटतं आणि डोळेही दुखत नाहीत. एवढं करूनही अंधारात चौकोनी ठोकळे दिसत असतील तर टीव्हीला शिव्या घालू नका, ॲपमधलं डेटा सेव्हर बघा. कमी डेटात पहिली वाट अंधाराचीच लागते. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या सिरीजचा 'द लाँग नाइट' हा एपिसोड आला तेव्हा जगभर बोंब झाली की काही दिसतच नाही, आणि कॅमेरामन म्हणाला लोकांना टीव्ही नीट सेट करता येत नाही. माझ्या मते दोघंही बरोबर होते.

आवाजाबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडे हॉरर बघायची पद्धत अशी की बोलताना आवाज वाढवायचा, किंचाळी आली की रिमोटवर झडप घालून कमी करायचा, परत वाढवायचा. अरे त्या कुजबुज आणि किंचाळीतल्या फरकावरच तर सगळा धंदा आहे! पहिल्या पाच मिनिटांत डायलॉग नीट ऐकू येतील एवढा आवाज ठेवा आणि रिमोट लांब टाका. बाजूच्या खोलीत बाळ झोपलंय किंवा वरचे काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतील अशी परिस्थिती असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमधल्या नाइट मोडपेक्षा वायरवाला हेडफोन बरा, कारण नाइट मोड सगळं एका पातळीवर आणून ठेवतो. वायरवाला अशासाठी की ब्लूटूथवर कधीकधी आवाज मागे पडतो, दार आपटल्यावर अर्ध्या सेकंदाने आवाज आला तर हसूच येतं. डबिंग टाळा, ओरिजिनल भाषा आणि सबटायटल्स. फोन दुसऱ्या खोलीत.

कुठला पिक्चर लावायचा याचा माझा नियम सोपा आहे, जे भूत घरात घडतं ते घरात बघावं. जपानी 'रिंगू' घ्या, १९९८ चा, हिदेओ नाकाताचा. शापित व्हिडिओ कॅसेट, मग फोन वाजतो, आणि शेवटी सादाको, म्हणजे त्यातलं भूत, टीव्हीतूनच बाहेर येते (स्पॉयलर म्हणू नका, पंचवीस वर्षं होऊन गेली). तिची ती मोडकी चाल कशी केली तर नटीला उलटं चालायला लावलं आणि फिल्म रिव्हर्स फिरवली, बास, कॉम्प्युटरची गरजच नाही. हा पिक्चर थिएटरपेक्षा घरी जास्त लागतो कारण तुमच्यासमोर टीव्हीच आहे. मुंबईत फ्लॅटमध्ये राहत असाल तर रामगोपाल वर्माचा २००३ चा 'भूत', एक गाणं नाही, लिफ्ट, वॉचमन, रिकामा पॅसेज, सगळं आपलंच. आणि मल्याळम 'भूतकालम' (२०२२), रेवती आणि शेन निगम, आई-मुलगा आणि एक भाड्याचं घर. पहिला तासभर नुसतं घरातलं टेन्शन आहे, कंटाळून फोन शोधू नका, नंतर सव्याज परत मिळतं. मराठीत 'लपाछपी' (२०१७), उसाच्या फडातलं एकाकी घर. हिंदीत त्याच दिग्दर्शकाने 'छोरी' केला, पण मला मूळ मराठीच जास्त टोचतो. पूजा सावंत आणि उषा नाईक दोघींनी खाल्लाय.

दचकवणारे पिक्चर म्हणजे कॉन्ज्युरिंग टाइप, ते एकट्याने बघण्यात अर्थ नाही असं माझं मत, चार मित्र जमवा, आरडाओरडा करा. पण वर सांगितलेले सावकाश चढणारे पिक्चर एकटं किंवा दोघंच, आणि एका बैठकीत. 'उरलेला उद्या बघू' केलं की संपलं, भीती फ्रिजमध्ये ठेवून गरम करता येत नाही.

फँटसी मात्र तुकड्यांत चालते, उलट चालावीच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांचे एक्स्टेंडेड कट (थिएटरपेक्षा लांब आवृत्त्या) घ्या, तिसरा तर चार तासांच्या वर जातो. शुक्र-शनि-रवि रोज एक, मध्ये जेवणाचा ब्रेक, कोणी विचारलं हा कोण तो कोण तर पॉज करून सांगायचं, काही बिघडत नाही. फँटसीला अंधारापेक्षा मोठा स्क्रीन लागतो, दुपारी बघितली तरी चालते, फक्त जरा जवळ बसा.

पोरांसाठी फँटसी लावताना पोस्टरवर जाऊ नका. 'पॅन्स लॅबिरिंथ'मध्ये (२००६) पऱ्या आहेत, चक्रव्यूह आहे, छोटी मुलगी आहे म्हणून लहानांना दाखवाल तर पस्तावाल, तो १९४४ च्या स्पेनमधल्या हुकूमशाहीवरचा पिक्चर आहे, हिंसा अंगावर येते आणि तळहातात डोळे असलेला तो पेल मॅन मोठ्यांनाही झोपू देत नाही. मियाझाकीचा 'स्पिरिटेड अवे' (२००१) चालेल, पण सुरुवातीलाच आई-बाबांची डुकरं होतात, तेव्हा शेजारी बसा. आणि पोरांना पहिली हलकी भीती आपल्या भाषेत द्यायची असेल तर 'झपाटलेला' (१९९३) आहेच, रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, आणि लक्ष्या असल्यामुळे मध्ये मध्ये हसून श्वास घेता येतो. फक्त शोकेसमध्ये एखादा डोळे मिटणारा बाहुला असेल तर पिक्चर लावायच्या आधीच माळ्यावर टाका, रात्री दोन वाजता टाकायला तुम्हालाच उठावं लागतं.