मारहाण सोसून माहेरी आलेल्या लेकीला आधार कसा द्यावा

सासरी मारहाण सोसलेली लेक ती गोष्ट आपण होऊन क्वचितच सांगते. डोके दुखणे, झोप न लागणे, छातीत धडधडणे, जेवण न जाणे अशा तक्रारीच आधी कानावर येतात. फोन वाजला की दचकणे, घडलेले पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसणे, माणसांत मिसळणे टाळणे, हे महिन्याहून अधिक टिकले तर आघातोत्तर तणावविकाराची, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणाऱ्या मनाच्या आजाराची, शक्यता धरून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी ‘बाहेरचे बघायला’ देवऋषीकडे नेण्यात मोलाचा काळ जातो, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात हे अजून लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

तिच्याशी एकट्या मावशीने, वहिनीने किंवा ज्या कोणावर तिचा विश्वास असेल तिने, सासरचे कोणी जवळ नसताना बोलावे. ‘इतके दिवस का सोसलेस?’, ‘तू काय उलट बोललीस?’ हे प्रश्न टाळावेत आणि यात तिचा दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. सगळे वदवून घेतले की मन मोकळे होते हा समज चुकीचा आहे; ती सांगेल तेवढेच ऐकावे.

मरणाचे विचार येतात का, हे मात्र सरळ विचारावे, कारण विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे ठेवू नये, उसावर, द्राक्षावर फवारायची औषधे घरातून हलवावीत आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करावा.

भावकीची बैठक बसवून तिला नांदायला परत धाडण्याची घाई हा आपल्याकडचा सर्वांत घातक उपाय आहे. नवऱ्याने गळा दाबला असेल, जिवे मारण्याची धमकी दिली असेल किंवा ती गरोदर असताना मारले असेल, तर धोका मोठा समजावा. अंगावर येण्याचा प्रसंग आल्यास 112 आणि सल्ल्यासाठी महिलांची मदतवाहिनी 181 आहे. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मानसिक छळही येतो, त्यामुळे अंगावर वळ नसले तरी या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तक्रार करायची की नाही, हे मात्र तिने ठरवावे.

नैराश्यावरील गोळ्या सुरू झाल्यास गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.